‘व्हेप म्हणजे नुसती वाफ’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कॉलेजच्या मुलांच्या ग्रुपवर आणि तिथून पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सध्या फिरतोय. थोडक्यात तो असा: व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, काही जळत नाही, निघते ती फक्त पाण्याची वाफ. आतलं लिक्विड खाण्यात वापरतात त्याच वस्तूंचं असतं. इंग्लंडच्या सरकारनेच व्हेप ९५ टक्के सुरक्षित ठरवलंय. अमेरिकेत माणसं मेली ती गांजाच्या तेलाने. इतक्या वर्षांत व्हेपमुळे कुणाला कॅन्सर झालेला नाही. आणि सिगारेट सोडायची तर यासारखा उपाय नाही.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. श्वसनसंस्थेचा धडा आला की मुलं हाच मेसेज पुढे करतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय. मेसेजमधलं सगळं खोटं नाही. त्यात खऱ्याची सरमिसळ आहे म्हणूनच तो पटतो आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते.

‘फक्त पाण्याची वाफ’

लिक्विडमध्ये मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, त्यात निकोटीन आणि फ्लेवर मिसळलेले. तोंडातून निघणारा पांढरा ढग या द्रव्यांच्या बारीक थेंबांचा असतो.

एका मुलाने स्वतःहून आणून दिलेला डिस्पोजेबल व्हेप आम्ही प्रयोगशाळेत उघडून पाहिला. (घरी हा उद्योग करू नका, आतली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.) आत बॅटरी, दम ओढला की चालू होणारा छोटा सेन्सर आणि लिक्विडने भिजलेला बोळा. बोळ्याच्या मधोमध तारेची कॉइल. बाहेरच्या बाजूला बोळा पिवळसर होता, आंब्याचा गोड वास येत होता. कॉइलला चिकटलेला भाग मात्र करपून काळा पडलेला आणि तारेवर चिकट कीट जमलेलं. काहीच जळत नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

तिथे जे घडतं ते रसायनशास्त्राला नवं नाही. ग्लिसरीन जास्त तापलं की अ‍ॅक्रोलीन तयार होतं. कढईतलं तेल करपल्यावर डोळ्यांना झोंबतं, त्या धुरातही तेच असतं. जोडीला फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज व्हेप ओढणाऱ्यांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या लिक्विडमध्ये धातू नगण्य होते, पण तेच लिक्विड कॉइलमधून गेल्यावर त्यात क्रोमियम, निकेल आणि शिसं वाढलेलं आढळलं. यातल्या बहुतेक घातक द्रव्यांचं प्रमाण सिगारेटच्या धुरापेक्षा कमी असतं, हे खरं आहे. पण पाण्याच्या वाफेत यातलं काहीच नसतं.

‘सगळं खाण्यातलंच आहे’

माझ्या मते मेसेजमधला सर्वांत फसवा मुद्दा हा. पोटात गेलेल्या अन्नाला आम्ल आहे, पाचकरस आहेत, पुढे यकृत आहे. फुप्फुसात अशी गाळणी नाही. तिथे सुमारे ४८ कोटी वायुकोश आहेत. त्यांची भिंत मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ आणि पलीकडे लगेच रक्त. वायुकोश मिटू नयेत म्हणून आतून स्निग्ध द्रव्याचा एक थर असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. आत आलेला कचरा आणि जंतू गिळायला भक्षक पेशी तैनात असतात. सगळा कारभार एवढ्यावरच चालतो.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालताना नाकात तेल सोडायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. बालरोगतज्ज्ञ ती बंद करा म्हणून कळकळीने सांगतात, कारण ते तेल श्वासाबरोबर खाली उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. तेल तेच, आमटीच्या फोडणीला चालणारं. जागा बदलली की परिणाम बदलतो.

फ्लेवरचंही तसंच. डायअसिटिल या द्रव्याने लोण्याचा स्वाद येतो आणि ते खायला चालतं. २००० मध्ये अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या जास्पर इथल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात पूर्वी काम केलेल्या ८ जणांना फुप्फुसाच्या बारीक नळ्या कायमच्या आकसण्याचा आजार झाल्याचं उघड झालं. त्यांनी या स्वादाची वाफ श्वासातून घेतली होती. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ फ्लेवरचे व्हेप तपासले, त्यातल्या ३९ मध्ये डायअसिटिल सापडलं. आता ‘व्हेप ओढला की पॉपकॉर्न लंग होणारच’ असा उलटा मेसेजही फिरतो. तो मी पुढे पाठवत नाही. डायअसिटिल सिगारेटच्या धुरातही असतं आणि निकोटीनच्या व्हेपमुळे नेमका हाच आजार झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. खाण्याच्या पदार्थाचं प्रमाणपत्र फुप्फुसाला लागू पडत नाही, एवढंच मला इथे दाखवायचं आहे.

निकोटीन आणि फ्लेवर दोन्ही वगळले तर? ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये नेमकं हेच केलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंदरांना चार महिने व्हेपच्या ढगात ठेवलं. नुसत्या प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीननेही त्यांच्या भक्षक पेशींत चरबीचे थेंब साठले आणि सर्फॅक्टंटच्या थराची घडण बिघडली. मग इन्फ्लुएंझाचा विषाणू दिला, तेव्हा त्या उंदरांची फुप्फुसं जास्त खराब झाली. त्याआधी २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी माणसाच्या भक्षक पेशींवर व्हेपचा ढग थंड करून मिळालेल्या द्रवाचा प्रयोग केला होता. पेशींची जंतू गिळण्याची ताकद घटली आणि दाह वाढला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि काचेच्या थाळीतली पेशी म्हणजे अख्खं फुप्फुस नव्हे. तरीही वर्गात फळ्यावर भक्षक पेशी काढताना हे दोन प्रयोग सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

‘इंग्लंडने ९५ टक्के सुरक्षित ठरवलंय’

मूळ विधान ‘सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक’ असं होतं. पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने ते २०१५ मध्ये मांडलं. आकडा आला होता २०१४ च्या एका शोधनिबंधातून. त्यात १२ तज्ज्ञांनी एकत्र बसून निकोटीनच्या १२ उत्पादनांना हानीचे गुण दिले होते. कुणाची फुप्फुसं तपासली नव्हती आणि बहुतेक निकषांवर ठोस पुरावा नसल्याचं लेखकांनी स्वतःच नोंदवलं होतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने संपादकीयातून या आकड्यावर टीकाही केली.

आणि तुलना कुणाशी आहे तेही बघा. वीस वर्षं रोज पाकीट संपवणाऱ्या माणसासाठी तुलना सिगारेटशी आहे. ज्या सोळा वर्षांच्या मुलाने कधी विडीसुद्धा ओढलेली नाही, त्याची तुलना स्वच्छ हवेशी व्हायला हवी. त्याची फुप्फुसं तर अजून वाढताहेत, त्यांची क्षमता विशीच्या सुरुवातीपर्यंत वाढत असते. खुद्द इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी सांगतात की सिगारेट ओढत असाल तर व्हेप त्यापेक्षा बराच सुरक्षित, पण ओढत नसाल तर व्हेप करू नका. मेसेजने यातलं अर्धंच वाक्य उचललं. त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल व्हेपची विक्री बंद केली आहे.

‘ते मेले गांजाच्या तेलाने’

हे बऱ्याच अंशी बरोबर आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत व्हेप ओढणारे धडधाकट तरुण धाप लागून अतिदक्षता विभागात येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद आणि ६८ मृत्यू झाले. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतून धुऊन काढलेल्या द्रवाची तपासणी झाली, तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. गांजाचा अर्क घट्ट दिसावा म्हणून ते मिसळलं जात होतं. तिथल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजिस्टनी १७ रुग्णांच्या फुप्फुसाच्या ऊतींचे तुकडे पाहिले. त्यांना त्यात विषारी वायूने भाजल्यासारखी इजा दिसली.

पण ज्यांच्याकडून माहिती मिळाली त्या रुग्णांपैकी १४ टक्क्यांनी फक्त निकोटीनचा व्हेप ओढल्याचं सांगितलं होतं. त्यातल्या काहींनी गांजाचं लपवलं असेल, हे मान्य. तरी व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटसुद्धा ‘खाण्यातलंच’ होतं! गोळ्यांत आणि क्रीममध्ये ते बिनधोक वापरतात. म्हणजे मेसेजचा हा मुद्दाच त्याच्या दुसऱ्या मुद्द्याला खोडतो.

आपल्याकडे तर २०१९ च्या कायद्याने व्हेपचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. टपरीवर चोरून मिळणाऱ्या व्हेपच्या आत काय भरलंय, हे कुठलीही सरकारी यंत्रणा तपासत नाही.

‘कॅन्सर झालेला कुणी दाखवा’

आजचा व्हेप २००३ च्या सुमारास चीनमध्ये तयार झाला. सिगारेट वळणारं यंत्र आलं १८८० च्या दशकात आणि धूम्रपानाचा फुप्फुसाच्या कॅन्सरशी संबंध दाखवणारं डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांचं काम छापून आलं १९५० मध्ये. कॅन्सर किंवा कायमची धाप लागण्याचा आजार (सीओपीडी) व्हायला काही दशकं लागतात. खोकला आणि छातीतली घरघर मात्र एवढं थांबत नाही. व्हेप ओढणाऱ्या किशोरवयीन मुलांत हा त्रास वाढत असल्याचा मध्यम दर्जाचा पुरावा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ च्या अहवालातच नोंदवला आहे.

‘सिगारेट सोडायला हाच उपाय’

निकोटीनच्या व्हेपने सिगारेट सुटायला च्युइंग गम किंवा पॅचपेक्षा जास्त मदत होते, असं कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दिसतं. हे मी नाकारत नाही. पण ते अभ्यास सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांवरचे आहेत. आंबा किंवा टरबुजाचा फ्लेवर मागणाऱ्या, कधीच सिगारेट न ओढलेल्या मुलाला सोडायचं काय आहे? त्याला नव्याने लागतं ते निकोटीनचं व्यसन.

घरात कुणाला खरंच सिगारेट सोडायची असेल तर भारतात निकोटीनचा गम आणि पॅच मिळतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधंही मिळतात. सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे १८००-११२-३५६. व्हेप सोडू पाहणाऱ्या मुलांनीही तिथे फोन करायला हरकत नाही. आणि व्हेप ओढणाऱ्या मुलाला धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा ताप आणि उलट्या असतील, तर त्याला तातडीने दवाखान्यात न्या आणि व्हेपचं डॉक्टरांना आधी सांगा. कारण व्हेपने झालेली फुप्फुसाची इजा क्ष-किरणात साध्या न्यूमोनियासारखी दिसू शकते.