दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे

"दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्राध्यक्ष आपल्या राष्ट्रपतींसारखाच नामधारी, खरी सत्ता पंतप्रधानाकडे" असा मेसेज सगळीकडे फिरतोय, पण अहो तिथे पंतप्रधानच नाहीये! ते पद 1984 मध्येच रद्द झालं, तेव्हाचे पंतप्रधान बोथा थेट कार्यकारी राष्ट्राध्यक्ष झाले. आज सरकारही राष्ट्राध्यक्षच चालवतो आणि देशाचा प्रमुखही तोच.

आता काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात की मग अमेरिकेसारखी निवडणूक होत असेल, तर तेही नाही, लोक पक्षाला मत देतात आणि 400 जणांची नॅशनल असेंब्ली (आपल्या लोकसभेसारखं सभागृह) आपल्यातलाच एक खासदार राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडते, निवडून आला की त्याची खासदारकी जाते (हे मला भारीच वाटतं). 1994 ला मंडेलाही असेच निवडले गेले. 2024 ला एएनसीचं (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, मंडेला आणि रामाफोसांचा पक्ष) बहुमत गेलं, 159 च जागा, म्हणून राष्ट्राध्यक्ष रामाफोसांना पुन्हा निवडून यायला इतर पक्षांची मदत घ्यावी लागली, 14 जूनला केपटाऊनमध्ये मतदान झालं, त्यांना 283 आणि विरोधी पक्षनेते मालेमांना 44 मतं. आणि असेंब्लीने बहुमताने अविश्वास ठराव पास केला तर राष्ट्राध्यक्षाला मंत्रिमंडळासकट घरी जावं लागतं, त्यामुळे "पाच वर्षं कोणी हात लावू शकत नाही" हेही सोडून द्या.