‘स्थळ’ पाहिला का कोणी? (आणि २०२५ चे बाकीचे सिनेमे)

डिसेंबर लागला की सगळ्यांच्या याद्या पडतात, टॉप टेन, टॉप फाइव्ह. मला नंबर लावता येत नाहीत, म्हणून जसं आठवेल तसं लिहून राहिले. मी काही समीक्षक नाही. बी.कॉम. फायनलला आहे, मंगळवारी तिकीट स्वस्त असते म्हणून बहुतेक मंगळवारीच जाते, आणि पॉपकॉर्न घेत नाही; तेवढ्या पैशात आमच्या नागपुरात बर्डीच्या बाजारात तिघींचं खाणं होते. पोस्ट मोठी आहे. कंटाळा आला तर लाइक करून पुढे जा, मला कळणार नाही.

आधी ‘धुरंधर’चं उरकून टाकू, नाही तर कमेंटमध्ये तेच विचाराल. २१४ मिनिटांचा सिनेमा. त्यात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू, म्हणजे शहरात अर्धे रस्ते बंद. मेट्रो होती म्हणून वेळेत पोहोचलो. कंटाळले का? नाही. पटला का? तेही नाही. दिग्दर्शक आदित्य धरला गोष्ट रंगवता येते. कराचीची ल्यारी वस्ती, तिथल्या टोळ्या, त्यांचं राजकारण, नजर हटत नाही. पण दर थोड्या वेळानं सिनेमा थांबतो आणि आपल्याला सांगतो की आता इथं चीड आली पाहिजे. अरे येऊन राहिली नं बाप्पा, दाखवलं तेवढं पुरे आहे! आमच्या वर्गातल्या पोट्ट्यांना विचाराल तर सिनेमा म्हणजे अक्षय खन्नाची एन्ट्री. बहारीनच्या रॅपरचं अरबी गाणं, शब्द कोणाला कळत नाही, आणि गॅदरिंगच्या तालमीत जो तो तसेच हात हलवत स्टेजवर येऊन राहिला. सूत्रसंचालकसुद्धा.

वर्षाची सुरुवातही अक्षय खन्नानंच केली होती म्हणा. फेब्रुवारीत ‘छावा’तला औरंगजेब तोच. म्हातारा, थकलेला, कमी बोलणारा, आणि म्हणूनच जास्त भीतिदायक. ‘छावा’ला आमचं अख्खं घर गेलं होतं, आजीसकट. विकी कौशलनं जीव ओतला यात वाद नाही. शेवटी हॉलमध्ये घोषणा झाल्या, लहान पोरं रडली, मीही रडले. पण रडू येणं वेगळं आणि सिनेमा आवडणं वेगळं. सिनेमा शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून घेतलाय. मी ती बारावीच्या सुट्टीत वाचली होती, त्यातले संभाजीराजे विचार करतात, एकटे पडतात, आपल्याच माणसांच्या वागण्यानं तुटतात. सिनेमातल्या राजांना गर्जना करण्यातून सवडच मिळत नाही. ‘बुधभूषण’ लिहिणारा संस्कृतचा जाणकार होता तो माणूस! कैदेत कवी कलश आणि ते एकमेकांना कवितेतून उत्तरं देतात, तेवढ्या वेळात मला तो कवी राजा दिसला. बाकी वेळ ढोल.

कवी कलश झालेला विनीत कुमार सिंह दोन आठवड्यांनी पुन्हा दिसला, ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मध्ये लेखक म्हणून. ‘शोले’ची मालेगावी आवृत्ती काढणाऱ्या नासिर शेख यांची आणि त्यांच्या दोस्तांची गोष्ट. ‘छावा’ला जागा मिळत नव्हती, इथं रांगाच्या रांगा रिकाम्या. मालेगावही महाराष्ट्रातच आहे नं?

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

‘स्थळ’ ७ मार्चला लागला. जयंत सोमलकर यांचा. टोरोंटोच्या महोत्सवात २०२३ लाच त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळालेला, म्हणजे परदेशात पाहून झाल्यावर दीड वर्षानं तो आमच्यापर्यंत आला. आणि गोष्ट कोणाची, तर आमचीच. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, कापसाचं शेत, कॉलेजात शिकणारी सविता आणि तिच्यासाठी स्थळं पाहणारा बाप. ओळखीचा चेहरा शोधू नका, कारण पडद्यावर दिसतात ते नट नाहीत, तिथलीच माणसं आहेत.

सुरुवात भन्नाट आहे. बायका ऐटीत पाहायला बसल्यात आणि पोरगा मान खाली घालून समोर. हॉल खदाखदा हसला. मग सविताला जाग येते आणि खरा कार्यक्रम सुरू होतो. पाहुणे येतात, हातपाय धुतात, पोहे खातात, पोरगी येऊन स्टुलावर बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पाहुणे जातात. नकार येतो, रंग सावळा, उंची कमी. मग दुसरे पाहुणे, तेच पोहे, तेच स्टूल, तेच प्रश्न. पहिल्यांदा गंमत वाटते. पुढं पुढं हसणारे एकेक करून गप्प होत गेले, आणि शेवटी शेवटी हॉलमध्ये फक्त एसीचा आवाज.

आई सोबत होती. तिचं माहेर हिंगणघाटकडचं. मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहिलं असेल, कारण ती त्या प्रश्नांची उत्तरं सविताच्या आधी देऊन राहिली होती. तोंडातल्या तोंडात, स्वतःची. आपलं माहेरचं नाव, आपलं शिक्षण. तिला ते कळतही नव्हतं बहुतेक. परतताना गाडीवर मागून म्हणाली, “माह्या वेळी तर सुईत दोरा ओवायला लावला होता, डोळे चांगले आहेत का पाहाले.” घरी आल्यावर मी बाबांना पकडलं. बाबा म्हणे, “मी काहून लावीन? मामानं लावला होता.” आई म्हणाली, “तुम्ही पाहून राहिले होते नं पण.” रात्रीचं जेवण जरा शांततेत झालं.

या सिनेमात मला सर्वात जास्त काय लागलं सांगू? बाप खलनायक नाही. त्याच्या डोक्यात कापसाचा भाव आणि हुंड्याची रक्कम हे दोन्ही हिशोब सोबत चालतात, आणि एक वाढत नाही तोवर दुसरा जमत नाही. तो पोरीवर जीव लावतो आणि तरी तिला त्या स्टुलावर नेऊन बसवतो. माझ्या ओळखीतले सगळे काका-मामा असेच आहेत. चांगले आहेत. हीच तर अडचण आहे.

दुसरं म्हणजे बोली. सिनेमात आमच्याकडचं कोणी बोलायला लागलं की प्रेक्षक आधीच हसायच्या तयारीत असतो. भारत गणेशपुरे मला मनापासून आवडतात, त्यांचं टायमिंग कोणाला जमणार नाही. पण वऱ्हाडी माणूस आला म्हणजे चार विनोद करून निघून जाणारा पाहुणाच आला, हे कोणी ठरवलं? पुण्याच्या मैत्रिणी मला अजूनही “ए, ते तुमच्यासारखं बोलून दाखव ना” म्हणतात. ‘स्थळ’मधली माणसं त्याच बोलीत कर्जाचं बोलतात, त्याच बोलीत पोरीला गप्प बसवतात, त्याच बोलीत खचतात. कोणाची हसायची हिंमत होत नाही. ‘झुंड’ आमच्या शहराचा होता, झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे सरांचा, अंकुश गेडाम तर इथलाच पोरगा, फिल्मफेअर घेऊन आला. मला तो खूप आवडतो. पण तो हिंदी. मराठीत असं ऐकायला आम्हाला २०२५ उजाडावं लागलं.

‘स्थळ’ निर्दोष आहे असं नाही. मध्ये एक वेळ अशी येते की मुद्दा समजलाय आणि पाहुणे तरी येतच आहेत. सविताचं कॉलेजातल्या सरांवर मन बसते, तो धागा मला कच्चा वाटला. शेवट सांगत नाही. पण आमच्या शोला मोजकी डोकी होती आणि ती निमूट बाहेर पडली, एवढं सांगते.

सप्टेंबरमध्ये उलटंच झालं. बाराव्या तारखेला एकदम तीन मराठी सिनेमे, ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. ठरवून एकमेकांच्या पायात पाय घालतात का हे लोक? ‘दशावतार’ चालला याचा आनंद आहे. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर जे करतात ते पाहून आपण जिना चढताना धापा टाकतो याची लाज वाटते. दुसरा अर्धा भाग मात्र अंगावर येतो, खाणवाले एवढे दुष्ट दाखवलेत की ते खरेच वाटत नाहीत. आणि एक तक्रार सिनेमाची नाही, एकूणच आहे. कोकण पडद्यावर येते ते हिरवंगार, देवराई, दशावतार, गूढ. आम्ही येतो ते भेगा पडलेली जमीन घेऊन. पावसाळ्यात या कधी आमच्या गोरेवाड्याच्या जंगलाकडे, मग बोलू.

त्याच्या पुढच्या आठवड्यात ‘साबर बोंडं’. रोहन कानवडे यांचा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमाच्या विभागात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला. एका मल्टिप्लेक्सचं तिकीट काढलं, तर प्रेक्षक नाहीत म्हणून ऐनवेळी शो रद्द. पैसे परत आले. सिनेमा काही परत आला नाही. पुण्याला मावशीकडे जाणं झालं तेव्हा तिथं पाहिला. वडील गेले म्हणून आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवसांचा दुखवटा, आणि त्यात बालपणीचा मित्र पुन्हा भेटतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे, पण कोणी भाषण ठोकत नाही. पार्श्वसंगीतही नाही. बकऱ्या, पाखरं, भांडी, एवढंच ऐकू येते. नातेवाईक मात्र सुतकातही त्याच्या लग्नाचं विचारतात. सविताला छळणारी माणसं इथंही हजर, फक्त इथं स्टुलावर पोरगा आहे. मावशीला “चल” म्हटलं नव्हतं. म्हणायला हवं होतं का, ठरत नाही अजून.

मधल्या काळातलं पटकन. ‘सैयारा’ची गाणी चांगली, हॉलमध्ये शर्ट काढून रडणाऱ्या पोट्ट्यांचे व्हिडिओ सिनेमापेक्षा मनोरंजक. ‘लोका’ मल्याळम, केरळच्या दंतकथेतली यक्षिणी आजच्या बंगळुरूत आणलीये, कल्याणी प्रियदर्शन, मजा आली. आमच्याकडे दंतकथा कमी आहेत का? कोणी हात लावत नाही. ‘सिकंदर’ आणि ‘वॉर टू’ या दोघांसाठी मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पीडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, मी महाल भागात उभी राहून मनापासून ओरडले, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!

‘होमबाउंड’बद्दल मात्र घाईत लिहिता येणार नाही. नीरज घायवानचा. चंदन आणि शोएब, एक दलित, एक मुसलमान, दोघं पोलीस भरतीच्या मागे, कारण वर्दी अंगावर चढली की लोक आडनाव विचारायचे थांबतील असं त्यांना वाटते. फॉर्म, परीक्षा, लटकलेला निकाल. माझा चुलतभाऊ पहाटे पाचला भरतीसाठी मैदानावर पळतो, त्याच्यासोबतची पोरं मी पाहिलीत. निकालाच्या संकेतस्थळावर बोट ठेवून बसणं काय असते ते सिनेमानं अचूक पकडलं. पुढं टाळेबंदी लागते आणि दोघं सुरतेहून घराकडे निघतात. बशारत पीर यांच्या न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखावर सिनेमा बेतलाय, म्हणजे मूळ घटना खरी आहे. २०२० च्या त्या मे महिन्यात वर्धा रोडवरून उत्तरेकडे माणसं पायी जात होती, डोक्यावर बोजे, कडेवर लेकरं, आणि वर नागपूरचं ऊन. बाबा पाण्याच्या बाटल्या वाटायला जायचे. परत आले की काही बोलायचे नाहीत. सिनेमा संपल्यावर मी त्यांना फक्त नाव सांगितलं. आता नेटफ्लिक्सवर आहे, त्यांनी अजून लावला नाही. आग्रह करणार नाही.

वर्षातला शेवटचा, पुन्हा लागलेला ‘शोले’. ५० वर्षं झाली आणि धर्मेंद्र नोव्हेंबरमध्ये गेले, म्हणून आईबाबा दोघंही निघाले. मोठ्या पडद्यावर मी पहिल्यांदाच पाहिला. जय मौसीकडे वीरूचं स्थळ घेऊन जातो त्या प्रसंगाला आई इतकी हसली की पुढच्या रांगेनं वळून पाहिलं. “यात पोराची चौकशी होते, तेवढं बरं,” म्हणे.

यावेळी मूळ शेवट आहे, ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो. १९७५ मध्ये आणीबाणी होती, सेन्सॉरला वाटलं ठाकूरनं कायदा हातात घेऊ नये. हात होते कुठं त्याला? मला हाच शेवट पटला, दोन हात गेले, घरदार गेलं, आणि पोलीस येऊन म्हणणार की आता आम्ही बघतो? बाबांचं म्हणणं, पोलीस येतात तोच बरोबर, लहानपणापासून तोच पाहिलाय, आता बदलून काहून राहिले. घरी येईपर्यंत भांडलो. कालपासून बाबा माझ्याशी बोलून नाही राहिले. गब्बरसाठी!