चळवळींचे सिद्धांत फक्त पाश्चात्त्यांपुरते नाहीत

सामाजिक चळवळींच्या सिद्धांतांविषयी एक मत सध्या बरंच फिरतंय. ते थोडक्यात असं: हे सिद्धांत अमेरिका-युरोपातल्या अभ्यासकांनी तिथल्या आंदोलनांवरून रचले, त्यामुळे ते आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेला लागू पडत नाहीत. तिथे अन्याय असह्य झाला की लोक उठतात, आणि आता हातात मोबाइल आल्यावर संघटनाही लागत नाही. शिवाय ज्याला एका क्रांतीचं भाकीत करता आलं नाही, तो सिद्धांत काय कामाचा?

आधी अन्यायाचा मुद्दा. अमेरिकेत माँटगोमेरी शहराच्या बसमध्ये कृष्णवर्णीयांनी मागे बसायचं, हा अपमान कित्येक दशकं चालू होता. मग बसवर बहिष्कार डिसेंबर १९५५मध्येच का पडला? १ तारखेला बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेला अटक झाली. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं काढली आणि दुसऱ्या दिवशी ती वस्त्यांमध्ये पोचलीसुद्धा. त्यांच्या महिला संघटनेने दीड वर्ष आधीच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता. पुढचे ३८१ दिवस लोक पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, चर्चने पुरवलेल्या वाहनांतून गेले. राग होताच, पण तो आदल्या वर्षीही होता. जॉन मॅकार्थी आणि मेयर झाल्ड या समाजशास्त्रज्ञांनी १९७७मध्ये नेमकं हेच मांडलं: तक्रारी सगळीकडेच असतात, पाहायचं ते माणसं, पैसा, जागा आणि संपर्काचं जाळं कोणी कसं जमवलं.

‘हे सगळं पाश्चात्त्य आहे’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. सरकारची पकड सैल झाली की चळवळीला संधी मिळते, ही मांडणी सुरुवातीला अमेरिकी शहरांच्या अभ्यासातून आली. तिला मोठा धक्का दिला तो शहा या राजाची सत्ता उलथवणाऱ्या इराणच्या क्रांतीने. तिथे ९ जानेवारी १९७८ला कोममध्ये निदर्शकांवर गोळीबार झाला. मृतांचा चाळिसावा पाळायचा म्हणून १८ फेब्रुवारीला तबरीझ पेटलं, तिथल्या मृतांसाठी पुन्हा चाळीस दिवसांनी यझ्दसारखी शहरं उठली. शोकाची जुनी रीतच आंदोलनाचं वेळापत्रक झाली. शहाचं सैन्य मात्र तोवर शाबूत होतं. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कुर्झमन यांनी हे दाखवून १९९६मध्ये प्रश्न विचारला: सरकार खरोखर कमकुवत झालं होतं, की विरोधक आता पुरेसे झालेत असं लोकांना वाटू लागलं होतं? तेव्हापासून प्रत्यक्ष संधी आणि लोकांना दिसलेली संधी यांतला फरक या शास्त्राला टाळता आलेला नाही. म्हणजे सिद्धांत इराणवर लादला गेला नाही, इराणने तो बदलायला लावला.

अर्जेंटिनाचं उदाहरण मला याहूनही बोलकं वाटतं. ३० एप्रिल १९७७ला लष्करी राजवटीने बेपत्ता केलेल्या मुलांच्या चौदा आया ब्यूनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. उभं राहणं म्हणजे बेकायदा जमाव, म्हणून पोलिसांनी ‘चालत राहा’ असं दरडावलं. मग त्या चौकात चालू लागल्या, आणि पुढे दर गुरुवारी चालत राहिल्या. लष्करी राजवट कुटुंब आणि धर्माच्या गोष्टी करत होती, त्याच भाषेत या बायका विचारत होत्या, ‘आमची मुलं कुठे आहेत?’ मागणी कोणत्या शब्दांत आणि कोणत्या रूपात मांडली की ती सहज झटकून टाकता येत नाही, याचा अभ्यास करणारी शाखाच या शास्त्रात आहे. त्यांच्या धैर्याला ‘अन्याय असह्य झाला, म्हणून उठल्या’ एवढंच म्हणणं मला अन्यायकारक वाटतं. त्या विचार करत होत्या, आणि जिवावर उदार होऊन करत होत्या. त्यांच्या एक संस्थापक असुसेना व्हियाफ्लोर यांनाच त्या डिसेंबरात पळवून नेऊन मारण्यात आलं. ‘पाश्चात्त्य संघटित होतात, बाकीचे भडकतात’ ही वाटणी मुळातच वसाहतवादी आहे, आणि हे मत पसरवणारे नकळत तीच पुढे नेतात.

मोबाइलचं म्हणाल तर इजिप्तमधला राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्याविरुद्धचा उठाव पाहा. सरकारने २८ जानेवारी २०११च्या पहाटेच्या आत इंटरनेट तोडलं, आणि त्याच दिवशी शुक्रवारच्या नमाजानंतर रस्त्यावर आधीपेक्षा कितीतरी मोठी गर्दी उतरली. शिवाय संघटनाही आधीपासून होती: महल्ला या शहरातल्या कापडगिरणी कामगारांचे संप त्याआधी २००६पासून चालू होते. फेसबुकवरच्या ज्या तरुणांचं एवढं नाव झालं, त्यांच्या ‘६ एप्रिल’ गटाचं नावही महल्लाच्या २००८मधल्या संपाच्या तारखेवरून पडलं.

राहिलं भाकीत. पूर्व जर्मनीत ९ ऑक्टोबर १९८९ला लाइपझिगमध्ये कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध सुमारे ७० हजार लोक रस्त्यावर उतरतील, हे कोणी सांगितलं नव्हतं, हे खरंच. पण त्याचं कारणही याच अभ्यासात सापडतं. अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी दाखवलं की धाकाखाली माणसं आपलं खरं मत शेजाऱ्यापासूनही लपवतात, त्यामुळे किती जण तयार आहेत हे सरकारला कळत नाही, विरोधकांना कळत नाही, आणि खुद्द त्या लोकांनाही कळत नाही. या सिद्धांतांवर खरी टीका करायची असेल तर ती वेगळीच आहे: ‘संधी’ ही कल्पना कधीकधी इतकी ताणली जाते की जिंकले तर संधी होती आणि हरले तर नव्हती, असं काहीही म्हणता येतं. त्यावर जरूर भांडा.