मायला कळेल असं लिहा की!

माय सत्तरीची. कापूस वेचू वेचू अंगठ्याच्या रेषा झिजल्या. परवा अनुदानाच्या ई-केवायसीसाठी सकाळपासून रांगेत. मशीनवर पाचदा अंगठा दाबला, पदराला पुसून परत दाबला. स्क्रीनवर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ. पोरगा म्हणाला, "मावशी, एरर येतोय." एरर म्हणजे काय, हे तिनं कुणाला विचारायचं?

बँकेचा मेसेज इंग्रजीत. पीकविम्याचा इंग्रजीत. ओटीपी कुणाला सांगू नका, ही ताकीदसुद्धा इंग्रजीत! अरे, जिला लुबाडणुकीपासून वाचवायचं, तिलाच ती वाचता येत नाही! मग कुणासाठी लिहिता?

१९६४ चा राजभाषा अधिनियम आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली. मग परभणीच्या म्हातारीला मोबाइलवर चार ओळी मराठीत का मिळू नयेत? पंचाहत्तरी ओलांडलेले पुढारी सभेत मराठीचा अभिमान सांगतात. त्यांनी स्वतःचा ओटीपी कधी स्वतः वाचलाय? त्यांच्याजवळ पीए असतो. माझ्या मायजवळ कोण आहे?

सोमवारी परत बोलावलंय. म्हणजे आणखी एक रोज बुडाला, वर एसटीचं भाडं.