कापसाच्या दिवसांत शब्दांचं काय?

भाऊ, नमस्कार. इंग्रजी शब्द दिवसांचं अंतर वाढवत वाढवत आठवून पाहावेत, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : ‘हे तं जुनंच पाठांतर झालं जी. अन् दिवाळीच्या आगंमागं आमचे पोट्टे सोयाबीन-कापसात असतात. तुमचं वेळापत्रक पायते कोण?’

पाठांतराचं आधी सांगतो. घोकताना शब्द आणि अर्थ दोन्ही डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे डोक्याला काही शोधावं लागत नाही. मी म्हणतो ते असं, की कार्डावर फक्त ‘दुष्काळ’ दिसावा आणि ‘ड्राउट’ पोराने आठवून काढावा, मगच कार्ड उलटावं. रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. चाचणीच्या आदल्या रात्री घोकणारं पोरगं हुशार का वाटतं, ते यात आलं.

तुमचा खरा मुद्दा दुसरा. तो मला पटतो, पण अर्धाच. सोंगणी लागली की पोरं धुऱ्यावर, पुढे वेचाई. शाळेचीच हजेरी घसरते, तिथे कार्डं कोण काढणार! फोनवरचं कार्डांचं अ‍ॅप तर अशा वेळी छळतंच. पंधरा दिवसांनी उघडा, थकलेल्या कार्डांचा आकडा कृषी केंद्राच्या उधारीसारखा वाढलेला असतो. पोरगं तो बघून अ‍ॅपच काढून टाकतं.

म्हणून मी खोक्याकडे वळतो. सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत एका खोक्याचे पाच कप्पे, पुढचा मागच्यापेक्षा रुंद. शब्द आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला तर थेट पहिल्यात. कप्पा भरला की त्यातली कार्डं काढायची. रुंद कप्पा उशिरा भरतो, म्हणून दिवसांचं अंतर आपोआप वाढतं. तारीख कुठेच नाही. खोकं महिनाभर फळीवर पडलं तरी उधारी चढत नाही. चपलेचा डबा आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू एवढ्यावर भागतं. लाइट गेली तरी अडत नाही.

महिन्यात शब्द विसरतील, हे खरंच. पण एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेल्या आणि १८८५ मध्ये छापलेल्या प्रयोगांत मोजलं ते हेच, की विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. ते पाठ करत होते ती निरर्थक अक्षरं. त्यांचं हे, तर अर्थ असलेल्या शब्दांचं आणखी सोपं जावं, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र पाळा. वेचाईच्या दिवसांत नवीन कार्ड एकही घालू नका. रात्री जेवण झाल्यावर पोरगं जागं असेल तर पहिल्या कप्प्यातली दहा-बारा काढा, नसेल तर झोपू द्या. नवे शब्द शेवटच्या वेच्यानंतर.