फणसाचा भाव

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोकणातल्या बाईने काय काय करू नये याची यादी केली, तर 'आठवडाभर एक पैसा खर्च करणार नाही' ही पैज सगळ्यात वर येईल. मी ती लावली. रात्री साडेअकराला, घामाने निथळत, पंखा बंद असताना.

पंखा बंद, कारण आमच्या ह्यांनी मीटर पाहिलं होतं. सत्त्याण्णव युनिट. शंभराच्या वर गेलं की दर चढतो हे ह्यांना टपरीवर कुणीतरी सांगितलंय, पण अर्धंच. चढा दर शंभराच्या पुढच्या युनिटांनाच लागतो, आधीच्या शंभराला पहिलाच दर राहतो, हे मी बिलावर बोट ठेवून दाखवलं. "असेल गं, पण विषाची परीक्षा कशाला?" असं म्हणून ह्यांनी बटण खाली केलं आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. ज्याला पंख्याशिवाय झोप लागते त्याने काटकसर शिकवू नये, असं माझं मत आहे.

तर पैज. ती लागली आमच्या ग्रुपवर. आम्ही सहा जणी 2020 च्या टाळेबंदीत एका ऑनलाइन शिवणवर्गात भेटलो. कटोरी ब्लाउजपर्यंत आलो आणि शिकवणाऱ्या बाईंचंच नेटवर्क गेलं, ते पुन्हा आलं नाही. आम्ही मात्र राहिलो. पुण्याची, ठाण्याची, नागपूरची, कोल्हापूरची, लातूरची आणि मी दापोली तालुक्यातली, हर्णैच्या बंदरापासून दोन वळणांवरची. एकमेकींना आम्ही गावाच्या नावानेच हाक मारतो. ब्लाउज कुणालाच येत नाही, पण कुणाच्या घरी महिन्याला किती तेल लागतं हे पाचही जणींचं मला पाठ आहे.

ह्या बायका नुसत्या फोनातल्या नव्हेत. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ आलं. आमचे आठातले पाच माड आडवे झाले, एक तर थेट न्हाणीघरावर. अर्ध्या घराची कौलं शेजारच्या वाडीत सापडली. वीज नाही, फोन नाही. नवव्या दिवशी कुणाच्या तरी जनरेटरवर फोन चार्ज केला तेव्हा ग्रुपवर दोनशे चाळीस संदेश होते आणि शेवटचा कोल्हापूरचा होता, "अगं, नुसतं हुं तरी म्हण." मी 'हुं' लिहिलं आणि घरावर छप्पर नाही हेही लिहिलं. तीन आठवड्यांनी दापोलीहून कुरियरवाल्याचा फोन. "बाई, तुमच्या नावाने पाच ताडपत्र्या आल्यात. पाच गावांहून. दुकान काढताय का?" एकीने दुसरीला विचारलं नव्हतं. तोवर कौलं चढली होती. त्या पाच ताडपत्र्यांवर मी आजतागायत दर वर्षी आमसुलं वाळवते. निळी पुण्याची, पिवळी लातूरची.

अशा बायकांना नाही कसं म्हणणार? 'कोरडा आठवडा' सगळ्यांनी करून झाला होता, मीच उरले होते. नियम ठाण्याने केले, ती बँकेत आहे. सोमवार ते रविवार रोख नाही, फोनवरून नाही, उधारीही नाही. औषधपाणी माफ. घरात आहे त्यात भागवायचं.

घरात आहे त्यात! शहरात बाई घरात आहे त्यात भागवते म्हणजे खिचडी करते. आमच्याकडे मेअखेर म्हणजे आगोट. चार महिन्यांची बेगमी भरायची. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिकी होड्या बंद, म्हणजे एकसष्ट दिवस सुक्यावर काढायचे. उकडे तांदूळ, कुळीथ, खडेमीठ, मिरची-मसाला, न्हाणीच्या चुलीला चुडतं, मुलाचा रेनकोट, वह्या, आईंची छत्री. हे सगळं पावसाच्या आत घरात हवं आणि पाऊस काही विचारून येत नाही. माझ्या हिशेबाच्या वहीत अकरा महिने सुतासारखे सरळ असतात आणि मे महिना पान उलटूनही संपत नाही.

सोमवार गेला, कारण सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी हर्णैची मावशी आली.

मावशीने ओटीवर पाटी उतरवली आणि फडकं बाजूला केलं. वर जवळा, त्याखाली बोंबील, कडेला सुके बांगडे, आणि अगदी तळाला, सोन्याच्या दुकानात ठेवतात तसे वेगळ्या पुडीत, सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी. मावशी पुडी उघडत नाही, फक्त तिची गाठ सैल करते. वासाचं काम वास करतो. सोड्याच्या खिचडीवर ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

"शेवटची पाटी हाय गो बाय. आता नारळी पुनवंला भेटू."

"आज नको मावशी, पैसे नाहीत."

"पैसे कोन मागतंय? गणपतीत दे."

"उधारही नको."

मावशीचा हात गाठीवरच थांबला. वीस वर्षं ती ह्या ओटीवर येते. पैसे नाहीत हे तिने शंभरदा ऐकलंय, उधार नको हे पहिल्यांदाच. तिने माझ्याकडे पाहिलं, मग छपराकडे, मग आत पेपर वाचत बसलेल्या ह्यांच्याकडे (शाळेला सुट्टी, हे हायस्कुलात कारकून). मग आवाज खाली घेऊन विचारलं, "सायबांची नोकरी गेली?"

मी नाही नाही म्हणत मोबाईल, ग्रुप, पैज असं सगळं सांगितलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि ज्या अर्थी बाई इतकी लांबण लावतेय त्या अर्थी नोकरी गेलीच, असा निष्कर्ष काढून पाटी उचलली. जाताना सोड्याची पुडी ओटीवर तशीच ठेवली. मी मागून ओरडले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरगा वाढता हाय."

ती माझ्या घरानंतर वाडीतल्या चौदा घरी जाते.

बुधवारी सकाळी पहिला डबा आला. शेजारच्या काकूंकडून, आंबोळ्या. "जास्तीच्या झाल्या गं." दुपारी दुसरा, कुळथाची पिठी. संध्याकाळी पायलीभर तांदूळ, "जुना आहे, तुम्हाला चालतो ना?" ह्यांना कट्ट्यावर एकाने बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "दिवस जातात हो." ह्यांना वाटलं उकाड्याबद्दल बोलतोय, म्हणून हे म्हणाले, "कसले जातात, रात्रभर झोप नाही." झालं. गुरुवारपर्यंत नोकरी जाऊन त्यावर सोसायटीचं कर्ज आणि जप्ती असे दोन मजले चढले होते.

इथे शहरातल्या वाचकांसाठी एक खुलासा. आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. निदान साखर तरी घालायची. त्यामुळे फुकटचा डबा हा जगातला सगळ्यात महाग डबा असतो. गुरुवारी रात्री ओट्यावर सात होते. काकूंच्या डब्याच्या झाकणावर त्यांचं नाव आणि 14-5-1987 कोरलंय, म्हणजे लग्नातला. असल्या डब्यात साखर घालून देता येत नाही, लाडूच हवेत. आणि लाडवांना रवा हवा, तूप हवं, आणि मी कोरडी!

गुरुवारीच वन्सं निघाल्या. पंधरा दिवस माहेरी राहून मुंबईला, खेडहून रात्रीची गाडी. निघायच्या आधी ओटीवर जे सामान लागतं त्याला आम्ही प्रेमाने 'दोन पिशव्या' म्हणतो. चाळीस नारळ, आंब्याच्या दोन पेट्या, आमसुलं, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, तीन फणस, आणि वन्सं दर वर्षी नेतात पण कधी लावत नाहीत ते अबोलीचं रोप. ह्यात माझा एक रुपया गेला नाही. ग्रुपवर मी ऐटीत फोटोही टाकला. पण भाचरं पाया पडायला वाकली आणि माझ्या पोटात गोळा आला. निघताना भाच्यांच्या हातावर काही ठेवायचं नाही? मी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून उभी राहिले. मोठा भाचा वाकलेलाच. मान वर करून बघतोय. शेवटी आईंनी कनवटीची चार घड्यांची पाचशेची नोट काढली, मग दुसरी, आणि माझ्याकडे असं पाहिलं की ताडपत्री उडून जावी.

रात्री ग्रुपवर ह्याचा निवाडा झाला. ठाणे म्हणालं, एकत्र कुटुंबात खर्चही एकत्र, तू हरलीस. नागपूर म्हणालं, सासूचा पैसा सासूचाच, हे तिची सासू तिला एकवीस वर्षं सांगतेय. लातूरने विचारलं, तुझ्या सासूबाई हिशेब कशात लिहितात? मी जाऊन आईंना विचारलं. आई पान लावत होत्या. म्हणाल्या, "लिहायचंय काय त्यात? काकूंकडे आपले बारा नारळ आहेत, वरच्या वाडीत दोन दिवसांचं लावणीचं काम आहे, आणि मावशीच्या मुलीच्या लग्नात आपण मांडवाचं लाकूड दिलं होतं." मला आत्ता कळलं, सोड्याची पुडी कुठल्या खात्यावर आली ते.

शुक्रवारी वळवाचा पाऊस आला. अंगणातली आमसुलं उचलायला आम्ही धावलो तर वाडीतून आठ माणसं आमच्या आधी अंगणात. दिवाळखोराच्या घरी मदतीला काय धावतात लोक! ताडपत्र्यांची टोकं धरून सगळी आमसुलं दहा मिनिटांत पडवीत. एका थेंबाने बिघडलं नाही. सगळ्यांना चहा. अर्धा किलो साखर संपली आणि जाताना एकाने हळूच ह्यांच्या खिशात दोनशे रुपये कोंबले.

तेव्हा मात्र ह्यांचा संयम सुटला. शनिवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून, बँकेचं पासबुक खिशातून दिसेल असं ठेवून कट्ट्यावर जाऊन बसले. तिथे सगळ्यांना स्वतःच्या पैशाने चहा-भजी. एकशे ऐंशी रुपये. परत येऊन मला म्हणाले, "इज्जतीचा खर्च आहे, औषधपाण्यात धर." लोकांनी काय धरलं ते काकूंनी सांगितलं, "पीएफ मिळालेला दिसतोय."

रविवारी रात्री मी ग्रुपला हिशेब दिला. मी स्वतः खर्च केले शून्य रुपये. आलेले डबे अकरा. गेलेले नारळ एकूण त्रेपन्न, फणस सात. पुण्याची आयटीत आहे, तिने लगेच एक्सेलचा तक्ता केला आणि विचारलं, "फणसाचा भाव काय लावू?"

मी विचारात पडले. आमच्याकडे मे महिन्यात फणसाला भाव नसतो. झाडाखाली पडून कुजतो, गुरंही कंटाळतात, नेणाऱ्याला आपण वर धन्यवाद देतो. मी लिहिलं, शून्य. पुणे म्हणालं, शून्य कसा, मी परवा गरे घेतले, आठ गऱ्यांचे साठ रुपये. कोल्हापूरने पुढे होऊन एका फणसात गरे किती ते विचारलं. नागपूरने गुणाकार केला. त्या रात्री पावणेबाराला, कागदावर, मी ह्या ग्रुपमधली सगळ्यात श्रीमंत बाई होते. ह्यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, "मग पंखा लावू का?"

मीटर एकशे एक झालं होतं.

सोमवारी वाण्याकडे गेले. रवा, तूप, गूळ, वेलची. अकरा डबे भरले. काकूंचा लाडवांनी काठोकाठ, झाकण लागेना. मावशीसाठी एक साडी घेतली, ती पुनवेला देईन. मग पाच फणस गोणपाटात बांधून दापोलीला कुरियरवाल्याकडे. त्याने गोणपाट हुंगलं. "हे नाही घेत बाई. वाटेत पिकला तर नागपूरपर्यंतची सगळी पाकिटं घमघमतील." मी दुसरी पिशवी पुढे केली. आमसुलं आणि फणसपोळी, किलोकिलोची पाच पुडकी, पाच पत्ते. त्याने एकेक काट्यावर ठेवलं, पत्ते वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"शेवटी काढलंत का दुकान?"

त्याने आकडा सांगितला. मी पर्समधून वही काढली, 'इतर'च्या रकान्यात लिहायला गेले, तर तिथे जागा उरली नव्हती. फणस परत न्यायचे नव्हते, म्हणून ते त्यालाच दिले. तो म्हणाला, "गोणपाट रिकामं कसं परत करू?"