पोर्ट लुईच्या धक्क्यावर माझगावचं जहाज

मार्च 2025 मध्ये ऑफिसच्या कामासाठी मी मॉरिशसला होते आणि नेमकं तेव्हाच आपल्या नौदलाचं आयएनएस इम्फाळ हे लढाऊ जहाज तिथल्या राजधानीला, पोर्ट लुईला आलं. 12 मार्च हा त्यांचा राष्ट्रीय दिन, 1968 ला ह्याच तारखेला ब्रिटिशांपासून मोकळे झाले, तारीख आपल्या दांडी यात्रेचीच. इम्फाळ माझगाव डॉकला बांधलेलं. माझे बाबा तिथे फिटर होते, 2020 ला रिटायर झाले, त्यामुळे घरी ही बातमी म्हणजे माहेरची मुलगी परदेशात भेटल्यासारखी! व्हिडिओ कॉलवर जहाज दाखव म्हणून पिच्छाच पुरवला. वॉटरफ्रंटवरून लांबूनच दाखवलं, तर बाबा चष्मा कपाळावर सरकवून अगदी स्क्रीनला नाक लावून बघत होते आणि पहिलं वाक्य काय, तर "रंग नीट ठेवलाय."

परेडला आपल्या नौसैनिकांची तुकडी होती, बँड होता, लोक दालपुरी (तिकडे ढोलपुरी म्हणतात) खात बघत होते, पोरं बापाच्या खांद्यावर. छान वाटलं, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

पण रात्री फॅमिली ग्रुप उघडला आणि डोकं सटकलं. "आता हिंदी महासागर आपलाच", "मॉरिशस म्हणजे आपलंच एक राज्य समजा", वर वाघाचे इमोजी. अरे बाबांनो, पाहुणे म्हणून गेलोय ना आपण? शेजाऱ्याकडे सत्यनारायणाला गेल्यावर कोणी त्याच्या हॉलची मापं काढतं का?

त्या देशाचं गणितच वेगळं आहे. माणसं साधारण साडेबारा लाख, जमीन 2040 चौरस किलोमीटर आणि हक्काचा समुद्र 23 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे सात महाराष्ट्र मावून वर जागा उरेल. सैन्य नाहीच, कोस्ट गार्ड आहे तोही पोलीस खात्यातला. एवढं पाणी राखायला त्यांना मदत लागते आणि ती आपण करतो, त्यांची बाराकुडा ही गस्ती नौका कोलकात्याला बांधलेली आहे. 2020 ला वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं जहाज प्रवाळात रुतून तेल सांडलं तेव्हा आपण 30 टन सामान आणि कोस्ट गार्डची माणसं विमानाने पाठवली होती. ह्यातलं माझं सगळ्यात आवडतं जहाज म्हणजे आपल्या नौदलाचं सर्वेक्षण करणारं सर्वेक्षक, ज्याचा फोटो कोणीच फॉरवर्ड करत नाही कारण त्यावर मिसाईल नाहीत. ते बिचारं समुद्राचा तळ मोजत फिरलं, 25 हजार चौरस नॉटिकल मैल, आणि नकाशे त्यांच्या हातात दिले.

आता आगालेगा, हे मॉरिशसचंच एक दूरचं बेट. पोर्ट लुईपासून उत्तरेला 1100 किलोमीटर, वस्ती 300 च्या आसपास. तिथे भारताने मोठी धावपट्टी आणि जेटी बांधून दिली, फेब्रुवारी 2024 ला उद्घाटन झालं. दोन्ही सरकारं म्हणतात लष्करी तळ नाही. पण तिथल्या लोकांना धास्ती आहे आणि ती कोणी म्हणेल तशी चीनने शिकवलेली वगैरे अजिबात नाही, ती चागोस बेटांनी शिकवलेली आहे. त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकन तळ करायचा म्हणून ब्रिटिशांनी 1968 ते 73 मध्ये तिथली माणसं उचलली आणि त्यातल्या कितीतरी जणांना ह्याच पोर्ट लुईच्या बंदरावर आणून सोडलं. ज्यांच्या बंदरावर ती माणसं बोचकी घेऊन उतरली ते दुसऱ्याची धावपट्टी बघून पेढे वाटतील होय?

व्हाकवा ह्या मॉरिशसमधल्या गावात तिथल्याच एका मराठी आजींकडे जेवायला गेले होते (घरात सगळे तिकडची क्रिओल भाषा बोलतात, आरती मात्र तोंडपाठ, गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते). त्यांना जहाजाचं कौतुक होतं, नातवाने फोटो काढून आणले होते ते दाखवले. मग म्हणाल्या, "येऊ दे की, आमचंच आहे. पण पाहुणा येतो तसा जातो पण, बरं का."

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर एका काकांनी मला थेट देशद्रोही करून टाकलं, दुसऱ्यांनी हात जोडलेला इमोजी टाकला, म्हणजे विषय बंद. बाबा दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला फोन, "त्या आगालेगाच्या जेटीला पाणी किती आहे गं? इम्फाळएवढं जहाज लागेल का?"

म्हटलं बाबा, तिथले लोक पण हेच विचारतायत.